बिनपाण्याच्या संडासाचं पावित्र्य

माणूस जे खातो ते त्याचं असतं. पुढे त्याचं जे होतं, ते मात्र त्याचं नसतं. या थोर तत्त्वावर शहरं उभी आहेत आणि आमची वस्तीही त्याला अपवाद नाही.

म्हणूनच एका संस्थेने आम्हाला बिनपाण्याचा संडास देऊ केला, तेव्हा आम्ही हबकलो. यात वर मूठभर राख टाकायची, खालच्या टाकीत काही महिन्यांनी खत होतं. म्हणजे आपलं ते आपल्यापाशीच राहणार. (नाल्यात सोडलेलं कुठे जातं, हे सभ्य माणसं विचारत नाहीत.) तरी पाहणी झाली. शंभर टक्के घरांनी पाठिंबा दिला आणि तेवढ्याच टक्क्यांनी तो दुसऱ्याच्या दाराशी असावा असं सुचवलं. एवढं एकमत वस्तीत आजवर कधी झालं नव्हतं. अखेर तो शिंप्याच्या दाराशी बांधला, कारण सभेच्या दिवशी शिंपी कपडे पोचवायला गेला होता.

संडास झाला मात्र देखणा. पांढरीशुभ्र फरशी, हिरवं दार. एवढी स्वच्छ जागा वस्तीत दुसरी नव्हती, तेव्हा साहजिकच आम्ही तिला कुलूप लावलं. किल्ली वस्ती समितीच्या अध्यक्षांच्या कमरेला. आत राखेची बादली, तिच्यावर झाकण, झाकणावर प्लास्टिकची फुलं. बघायला पाहुणे येत, ते चपला बाहेर काढत. ('वस्तीने संडास आपलासा केला,' असं संस्थेने अहवालात छापलं. त्यात खोटं काय?)

शिंप्याच्या सुनेला आठवा महिना होता. नाल्यापर्यंत चालवत नाही म्हणून तिने किल्ली मागितली. अध्यक्षांनी तिला मायेने समजावलं.

"अगं पोरी, वापरला तर घाण होईल ना."

"मग बांधला कशाला, काका?"

प्रश्न गंभीर असल्याने समितीने तो पुढच्या बैठकीवर ढकलला. त्याआधीच सून नाल्याच्या काठावर घसरून पडली. हात मोडला, पोटातलं वाचलं, हे नशीब. समितीने दुःख व्यक्त केलं आणि पुन्हा कुणाला मोह होऊ नये म्हणून संडासाला कुंपण घातलं.

चौकशीही केली. ती ज्यात घसरली, ती घाण आमची नव्हतीच. आम्ही नाल्याच्या खालच्या अंगाला बसतो. तिला तिथवर जाववलं नाही, ती वरच्या अंगालाच पडली, जिथे मोठ्या इमारतींचा पाइप उघडतो. तिथली माणसं सुशिक्षित आहेत. बटण दाबतात, की सगळं नाहीसं होतं.

तुम्ही मघापासून आम्हाला हसताय. हसा. सून एवढंच म्हणते, की हात बरा झाला की तुमचं तुम्हाला घरपोच आणून देईन. दार तेवढं उघडं ठेवा.