बसा की

सोलापूरच्या भवानी पेठेतल्या विश्वशांती वाचनालयाचं छप्पर पावसाळ्यात गळलं, त्याच्या दुरुस्तीचा प्रस्ताव हिवाळ्यात विचाराधीन होता, आणि म्हणून परदेशातल्या एका युद्धावरची जाहीर चर्चा शांतम्माच्या दारात आली. यात कुणाचाही दोष नव्हता. विषय तातडीचा होता: युद्धानं बेचिराख झालेल्या देशातून परकीय सैन्यानं केव्हा जावं, आणि जाण्याआधी तिथं काय काय बांधून द्यावं. त्या देशाच्या नावाचा उच्चार कसा करायचा यावर कार्यकारिणीच्या दोन बैठका झाल्या. एकमत झालं नाही, तेव्हा त्याला 'सदर देश' म्हणावं असं ठरलं.

अध्यक्ष वीरभद्रप्पा हे निवृत्त विस्तार अधिकारी. चार सभासद आणि इतिवृत्ताची वही घेऊन ते सकाळीच जागा बघायला निघाले. गल्लीच्या तोंडाशी शांतम्माचं घर, घरापुढं कमरेइतका उंच, ऐसपैस दगडी ओटा आणि ओट्यासमोर मोकळा चौक. व्यासपीठ बांधायची गरजच नाही, हे अनुभवी डोळ्यांना लांबूनच दिसलं.

शांतम्मा तेव्हा भाकरी थापत होती. पासष्टी उलटलेली ही बाई तीस वर्षं त्या ओट्यावर कडक भाकरी करत होती. पापडासारखी पातळ थापायची, तव्यावर भाजायची आणि चुलीच्या कडेला उभी करून कुरकुरीत होईपर्यंत वाळवायची. संक्रांत बारा दिवसांवर आली होती. भोगीला अर्ध्या पेठेच्या ताटात तिचीच तीळ लावलेली बाजरीची भाकरी असते, आणि तेवढ्या बारा दिवसांवर तिचं निम्मं वर्ष चालतं. तर अशा ऐन घाईत दारात पाच माणसं उभी राहिलेली बघून ती पिठाच्या हातानंच म्हणाली, "बसा की."

सोलापुरात दारात आलेल्याला असंच म्हणतात. विमा गळ्यात मारायला आलेल्याला म्हणतात, वीज तोडायला आलेल्यालाही म्हणतात. त्याचा अर्थ बसा असा नसतो. समोरच्यानं "नको, जरा घाईत हाय" म्हणायचं आणि दोघांनी आपापल्या कामाला लागायचं, अशी ती रीत आहे. पण वीरभद्रप्पा बसले. बसल्या बसल्या त्यांनी वही उघडली आणि लिहून घेतलं: 'स्थानिक रहिवाशांनी मुक्कामाचे निमंत्रण स्वेच्छेने दिले. मुदत तीन दिवस.'

दुसऱ्या दिवशी मंडपवाला नवनाथ बांबू, कनाती आणि दीडशे खुर्च्या घेऊन आला. मधला खांब कुठं येतो हे त्यानं दोरी धरून तीनदा मोजलं. तिन्ही वेळा खांब चुलीत आला. खांब सरकवला तर मंडपाला झोळ येतो, आणि झोळ आलेल्या मंडपाखाली शांततेवर बोलणं बरं दिसत नाही, हे सगळ्यांनाच पटलं. पहारीच्या चार घावांत चूल निघाली. शांतम्मा घरातून पळत आली तोवर खांब उभा राहून त्याला झेंडूची माळसुद्धा लागली होती. तीस वर्षांची चूल, तिच्या हातच्या मातीची. वीरभद्रप्पांनी तिला समोरच्या एका खुर्चीवर बसवलं आणि समजावलं की चूल पाडलेली नाही, तिचं पुनर्बांधणीपूर्व सपाटीकरण झालेलं आहे. पुनर्बांधणी वाचनालयाची जबाबदारी आहे. निश्चिंत राहावं.

चर्चा सुरू झाली. सैन्यानं राहावं असं म्हणणाऱ्यांचे नेते खुद्द वीरभद्रप्पा. सैन्य एकाएकी गेलं तर सदर देशात पोकळी निर्माण होईल, असं ते दर दहा मिनिटांनी सांगायचे. शांतम्माला पोकळी म्हणजे काय ते त्या दोन दिवसांत चांगलं समजलं होतं, पण तिला कुणी विचारलं नाही.

सैन्यानं तत्काळ चालतं व्हावं असं म्हणणाऱ्यांचा पुढारी यशपाल. पलीकडच्याच गल्लीतला, टपाल खात्यात नोकरीला, आणि बोलायला उभा राहिला की माणसं हातातली तंबाखू विसरायची. "न बोलावता आलेला माणूस पाहुणा नसतो," तो म्हणाला. "आधी घर पाडायचं, मग बांधून देतो म्हणून तिथंच ठाण मांडायचं, याला मदत म्हणत न्हाईत." शांतम्माच्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्या मनातलं कुणीतरी बोललं, असं तिला फार दिवसांनी वाटलं. यशपालनं टाळ्या थांबेपर्यंत घोटभर पाणी प्यायलं आणि ग्लास तिच्या पालथ्या घातलेल्या काठवटीवर ठेवला.

तीन दिवस संपले. यशपालच्या बाजूचे एकूण सतरा मुद्दे होते, त्यांतला चौथा नुकताच सुरू झाला होता. मुदतवाढीचा प्रश्न आला तेव्हा वीरभद्रप्पांनी नैतिक भूमिका घेतली. पुनर्बांधणी अर्धवट टाकून सैन्यानं निघून जाऊ नये असं आपण इथं म्हणत असताना, चूल न बांधता आपणच निघून गेलो तर जग काय म्हणेल? सभा गहिवरली. तेव्हा ठरलं ते असं: चूल बांधून होईपर्यंत वाचनालय इथून हलणार नाही. चूल खांबाच्या जागी बांधायची आहे, म्हणून आधी खांब काढावा लागेल. खांब चर्चा संपल्यावर निघेल. आणि चूल होईपर्यंत चर्चा संपवता येणार नाही.

यातून मार्ग काढण्यासाठी चूल पुनर्बांधणी उपसमिती नेमली गेली. समितीनं ओट्याच्या दुसऱ्या टोकाला एक नमुना चूल उभारली. फरशी लावलेली, चहूबाजूंनी गुळगुळीत, वर संगमरवरी पाटी. पाटीवर सात सभासदांची नावं. फीत कापून झाल्यावर शांतम्मानं वाकून बघितलं आणि विचारलं, "जळण घालायचं कुठनं?" चुलीला तोंडच नव्हतं. पाटीसाठी सलग जागा लागत होती, त्यामुळं तोंड दुसऱ्या टप्प्यात घेतलं आहे, असा खुलासा झाला.

संक्रांत चार दिवसांवर आली. मागच्या बोळात तीन दगड मांडून शांतम्मा भाकरी करून बघत होती, पण बोळातल्या वाऱ्यानं जाळ ठरत नव्हता आणि भाकरी चिवट होत होती. गिऱ्हाईक येऊन मंडपात बसायचं, सैन्याविषयी चार गोष्टी ऐकायचं आणि रिकाम्या हातानं जायचं. शेवटी तिनं स्वतःच विचारलं की मला दोन मिनिटं बोलू देता का. कार्यकारिणीला आनंद झाला. 'स्थानिक जनतेचे मनोगत' हे सदर कार्यक्रमपत्रिकेत पहिल्या दिवसापासून रिकामं होतं. तिच्या घरात कानडी बोलतात म्हणून एक दुभाषीही नेमला.

शांतम्मा माईकपुढं उभी राहिली. आलेल्या माणसाला जा म्हणायची तिच्या जिभेला सवय नव्हती. कुणाच्याच नसते. दारातून माणूस निघताना आपण "या" म्हणतो, आणि शहाणा माणूस त्यातलं काय ते समजून चपला घालतो. ती हात जोडून म्हणाली, "लई झालं बघा. या आता."

टाळ्यांचा कडकडाट झाला. वीरभद्रप्पांनी लिहून घेतलं: 'स्थानिकांनी पुन्हा येण्याचे आग्रहाचे निमंत्रण दिले.'

आपल्या मराठीतच काही कमी पडलं असेल असं वाटून शांतम्मानं कानडीत सांगितलं, "होगी बर्री."

दुभाषी उठला आणि या वाक्यात दोन क्रियापदं असल्याचं त्यानं निदर्शनास आणलं. पहिल्याचा अर्थ जाऊन, दुसऱ्याचा अर्थ या. सभेत लगेच दोन तट पडले. यशपालच्या बाजूचं म्हणणं की 'जाऊन' आधी आहे, म्हणून जाणं महत्त्वाचं. वीरभद्रप्पांचं म्हणणं की वाक्य 'या'वर संपतं, आणि शेवटचा शब्द जनतेचा असतो. त्यातही, आपण अजून गेलेलोच नसल्यामुळं 'या' ही अट आपोआप पूर्ण झालेली आहे. हा वाद दीड दिवस रंगला. नातेपुत्याहून खास एक निवृत्त भाषाशिक्षक आणले होते. त्यांनी दोन्ही बाजू बरोबर असल्याचं सांगितलं आणि भाकरी मिळेल का असं विचारलं.

त्या संध्याकाळी शांतम्मा यशपालला मंडपाच्या मागं भेटली. तिचा भरवसा एवढ्या एकाच माणसावर उरला होता.

"अक्का, उद्या ठराव हाय," तो म्हणाला. "सैन्य बाहेर काढल्याबिगर मी गप बसत न्हाय."

"ते सैन्य हाय कुटं?"

"समुद्राच्या पल्याड."

"आन हितलं?"

यशपालनं खिशातली विषयपत्रिका काढून बघितली. माणूस मनानं वाईट नव्हता. "हितलं विषयपत्रिकेत न्हाय, अक्का," तो म्हणाला. "पण ठराव तत्त्वाचा हाय. तत्त्व एकदा पास झालं की ते सगळीकडं लागू व्हतं."

दुसऱ्या दिवशी ठराव मांडला गेला: 'कोणत्याही परकीयाने दुसऱ्याच्या भूमीवर एक क्षणही राहू नये, त्याने तत्काळ निघून जावे.' यशपाल असा बोलला की वीरभद्रप्पांचे स्वतःचे लोकही फुटले. दोनशे बारा विरुद्ध तीन मतांनी ठराव मंजूर झाला. शांतम्माचा ऊर भरून आला. पदर खोचून ती उठली आणि पुढच्या ओळीतल्या खुर्च्या घडी करू लागली. हातात दोन दिवस होते. आज माती मळली, रात्रभर चूल सुकली, तर निदान भोगीपुरत्या भाकरी झाल्या असत्या.

"आजी, हे काय चाललंय?" वीरभद्रप्पांनी विचारलं.

"ठराव झाला की."

मग तिला समजावून सांगण्यात आलं. ठराव सदर देशापुरता आहे. नुसता मंजूर करून भागत नाही, त्याची अंमलबजावणी होते की नाही यावर लक्ष ठेवावं लागतं. सदर देशातून शेवटचा परकीय सैनिक बाहेर पडेपर्यंत वाचनालयानं याच जागी ठाण मांडून बसायचं, अशी सूचना स्वतः यशपालनंच मांडली होती आणि ती आवाजी मतदानानं मान्यही झाली होती.

शांतम्मानं हातातली खुर्ची खाली ठेवली, माईकपाशी गेली आणि आयुष्यात दारातल्या माणसाला कधी न म्हटलेला शब्द म्हणाली.

"जावा."

मंडपात कुणी हललं नाही.

"समदे जावा. उठा माज्या ओट्यावरनं."

या वाक्याला दुभाषी लागला नाही. त्यात दोन अर्थ निघत नव्हते, आणि नेमकं तेच लोकांना लागलं. पहिल्या ओळीतल्या एका बाईनं पदर तोंडाशी नेला. यशपालचा चेहरा पडला. "अक्का," तो म्हणाला, आणि त्याला खरंच वाईट वाटलेलं होतं, "आमी तुमच्यासारक्यांसाटीच बोलतोय की."

तिच्या वर्तनाच्या निषेधाचा ठराव एकमतानं मंजूर झाला. आधीच्या ठरावाविरुद्धची ती तीन मतंसुद्धा या वेळी बाजूला आली. दोन्ही पक्ष इतक्या दिवसांत प्रथमच एका मुद्द्यावर एकत्र आले, म्हणून वीरभद्रप्पांनी त्यांचं अभिनंदन केलं. तणाव लक्षात घेऊन शांतम्माच्या उंबऱ्यावर दोन स्वयंसेवक बसवण्यात आले. तिच्या घरात ये-जा करणाऱ्यांची ते वहीत नोंद ठेवतात. शांतम्मालाही आत शिरताना नाव सांगावं लागतं. भोगी आली आणि गेली. त्या वर्षी पेठेत लोकांनी पाकिटातल्या भाकरी खाल्ल्या.

'विश्वशांतीच्या मंचावर वृद्धेचे असभ्य वर्तन' अशी बातमी निषेधाच्या दुसऱ्याच दिवशी छापून आली होती. तुम्ही ती सकाळी चहाबरोबर वाचलीत. चूल, खांब, चुलीला नसलेलं तोंड, सगळं तुम्हाला पटलं. तुम्ही हळहळलातसुद्धा. मग पेपर मिटत म्हणालात की बाईचं बरोबर आहे, पण जरा नीट बोलायला हवं होतं. आणि बसल्या जागीच थोडे ऐसपैस झालात.