टँक जिनिंगमागं असतो

केदारनाथचा शर्ट धुवायचा नव्हताच. धुवायला पाणी कुठं होतं? दोन हजार तीनच्या त्या मे महिन्यात गावात शर्ट उन्हात झटकायचा आणि उलटा करून टांगायचा, एवढंच धुणं उरलं होतं. रुद्राणीनं नवऱ्याचा शर्ट झटकला आणि खिशातून घडी घातलेला कागद पडला. एका बाजूला छापलेलं, 'पाणीटंचाई निवारण कक्ष'. दुसऱ्या बाजूला केदारनाथचं अक्षर. पहिलीच ओळ तिनं दोनदा वाचली.

'टँक जिनिंगमागं असतो. सुरू झाल्या झाल्या पळत सुटावं. चालत जाणाऱ्याला मिळत नाही.'

केदारनाथ नगरपालिकेत पाणीपुरवठ्याचा कारकून. त्याची बहीण कावेरी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. उद्या बारसं, तिच्या सासरची चाळीस माणसं परळीहून येणार, आणि घरातल्या पिंपात वीतभर पाणी. आठ दिवस केदारनाथ एकच सांगत होता, "पाण्याचं माझ्यावर सोडा." कसं, कधी, कुठून, असं विचारलं की नुसता मिशीत हसायचा. आता कळलं, का हसत होता ते!

"आत्याबाई," तिनं सासूला हाक मारली, "तुमच्या लेकाचे प्रताप ऐका."

दानम्मा आल्या. शेजारची छबुबाई न बोलावता आली. रुद्राणी दहावी पास, त्यामुळं वाचन आणि अर्थ दोन्ही तिच्याकडं.

"'डब्ल्यू पुढं, एस मागं.'"

"म्हंजे काय गं?" दानम्मांनी विचारलं.

"डब्ल्यू म्हंजे वॉटर. पाणी पुढं. अन् एस म्हंजे..." रुद्राणी जरा अडली. "साहेब. साहेब मागून येत आसंल, जीपमधी."

"जीपचं बी लिव्हलंय?"

"लिव्हलंय की. 'आधी जीप पकडावी. पुलावरून जाऊ नये, तिथं सुरुंग असतात.'"

"खरंच हाय," छबुबाई म्हणाली. "पुलापाशी हिरीचं काम चालू हाय. काल बी दोन सुरुंग उडाले."

"'आर दाबला की भरतं. संपायच्या आत भरून घ्यावं, रिकामं घेऊन हिंडू नये.'"

"भरतं म्हणतोय, माय!" छबुबाईनं मांडीवर थाप मारली. "आर म्हंजे टँकरची कळ आसंल."

"'कोणी आडवं आलं तर सरळ उडवावं. दया करू नये.'"

दानम्मांचा चेहरा उतरला. "माझा केदू असं लिव्हायचा न्हाई."

"गेल्या साली पाण्यावरून डोस्की फुटलीच की," छबुबाईनं समजूत घातली. "हापिसात सगळं म्हाईत आसतंय त्यास्नी."

शेवटची ओळ मात्र रुद्राणीनं मनातच वाचली. 'गुरुवारी साडेचारला सगळे हजर. घरी बोलू नये.' तिला रडूच आलं. ती आठ दिवस पिंपात डोकं घालून पाणी खरडत होती, आणि नवऱ्याला टँकरची जागा, वेळ, कळ सगळं ठाऊक! आजच गुरुवार होता. ती डोळे पुसून उठली आणि घागरी काढायला लागली.

आता खरं सांगायचं, तर त्या कागदात पाण्याचा थेंबही नव्हता. गहिनीनाथच्या सायबर कॅफेत चार कम्प्युटर एकमेकांना जोडलेले होते आणि त्यांच्यावर एक लढाई चालायची. दर गुरुवारी केदारनाथ 'पाहणीला' म्हणून हापिसातून निघायचा आणि ती लढाई लढायचा. लढाईतल्या जागांची नावं इंग्रजी, कुणाच्या जिभेला वळेनात. मग या मंडळींनी आपली नावं दिली. धुराडं असलेला पडका कारखाना दिसला, तो गावातल्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगवरून झाला जिनिंग. तोफेच्या गाडीला मात्र टँकच म्हणायचे. डब्ल्यू, एस, आर या कीबोर्डवरच्या कळा, आर दाबला की बंदूक भरायची. केदारनाथ दर वेळी सगळ्यांत आधी मरायचा, म्हणून त्यानं युक्त्या लिहून घेतल्या होत्या. बत्तीस वर्षांचा बाप्या, पण काय करणार, त्याला मरायचा फार राग यायचा.

चार वाजता झोपलेल्या कावेरीला आणि बाळाला आत ठेवून, दाराला बाहेरून कुलूप घालून तिघी गुपचूप निघाल्या. तीन बायका सहा घागरी घेऊन कसल्या गुपचूप निघतायत! छबुबाईनं फक्त गल्लीतल्या मुक्ताबाईला सांगितलं होतं. मुक्ताबाईनंही कुणाला सांगितलं नाही, नुसता हंडा घेऊन पळत सुटली. पाण्याच्या कारकुनाची बायको घागरी घेऊन निघाली म्हटल्यावर बाकीच्यांना सांगायची गरजच काय? पाच मिनिटांत गल्लीला कुलपं लागली.

ही वरात सायबर कॅफेवरून गेली तेव्हा साडेचारच्या आधीच सरावाला आलेला केदारनाथ नुकताच मरून बसला होता. खिडकीतून त्याला सगळ्यांत पुढं स्वतःची आई दिसली, डोक्यावर घागर. त्याला काहीच उमगेना. तो धावत बाहेर आला.

"माय, कुठं निघालीस?"

"तुला म्हाईत न्हाई व्हय?" दानम्मा चालतच म्हणाल्या. "बाजूला हो. आडवं येऊ नगं."

तो मागोमाग गेला. जिनिंगमागं वाळकं गवत, एक शेळी आणि बघता बघता दीडशे बायका. साडेचार झाले, पाच वाजले, साडेपाच होत आले. टँकर काही येईना. मग सगळ्या केदारनाथकडं वळल्या. रुद्राणीनं कागद त्याच्या नाकासमोर धरला.

"हे अक्षर कुणाचं?"

केदारनाथनं कागद पाहिला, बायका पाहिल्या आणि दोन पावलं मागं सरला. "अगं, हा गेम हाय!"

"ऐकलं का गं!" छबुबाई ओरडली. "आमचा गेम केला म्हणतोय!"

"तसा न्हाई! कम्प्युटरवरचा! टँक म्हंजे टँकर न्हाई, रणगाडा!"

"आता रणगाडा आणतोय आमच्यावर!" मागून कुणीतरी किंचाळलं.

"हापिसाच्या येळंला गेम?" रुद्राणीनं फक्त एवढंच विचारलं, आणि ते सगळ्यांत वाईट होतं.

तेव्हा केदारनाथला पोटातलं ओकावं लागलं. "आगं, टँकर सांगितलाय की म्या! बद्रीनाथ ड्रायव्हरला. पावणेपाचला आपल्या गल्लीत. गावात बोभाटा नको म्हणून बोललो न्हाई. तू घरीच आसशील म्हणलं, भरून घेशील..."

पुढचं ऐकायला कुणी थांबलंच नाही. दीडशे बायका उलट्या पळत सुटल्या होत्या.

गल्लीच्या तोंडाशी बद्रीनाथ टँकरची नळी गुंडाळत होता. टँकर रिकामा ठणठणीत.

"अर्धा तास हॉर्न मारला," तो म्हणाला. "समद्या घरांना कुलपं. कुत्रं बी न्हाई. मागच्या गल्लीतल्या केसरबाई म्हणल्या, आमच्याकडं सोडा. सोडलं. सही बी दिली त्यांनी."

केसरबाईशी या घरचं बोलणं चार वर्षं बंद होतं, नळाच्या जोडणीवरून. रुद्राणी रिकामी घागर मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसली. आतून कावेरीचं बाळ रडत होतं. उद्या चाळीस माणसांना हात धुवायला काय द्यायचं, थुंकी? केदारनाथ कोपऱ्यात उभा राहिला. त्याला आपल्याच आईच्या नजरेला नजर देता येईना.

दिवेलागणीला दारात भांडी वाजली. केसरबाई आली होती. तिच्या मागं तिच्या दोन सुना आणि जावा, सगळ्यांच्या कडेवर भरलेल्या घागरी. कुणाला काही न विचारता त्यांनी पिंप काठोकाठ भरलं.

"कावेरी आमच्या बी लेकीवानीच हाय," केसरबाई म्हणाली. "बारसं नीट करा."

दानम्मांनी तिचे हात धरले. रुद्राणीनं कुंकवाचा करंडा आणला. केसरबाई कुंकू लावून घेऊन निघाली, आणि दारात थांबून केदारनाथकडं वळली.

"केदारनाथ भाऊ, एक सांगू का? पुढल्या गुरवारी बी असाच कागद लिवून खिशात ठिवा. फकस्त येळ जरा सकाळची टाका. आज टँकरपाशी भरताना आमाला लई उन्हात उभं ऱ्हावं लागलं."