प्रथम श्रेणीच्या बाई

शिक्षकाच्या अंगचा कोणताही गुण वाया जात नाही. तो ज्या कामाचा असतो ते काम सोडून बाकी सगळीकडे उपयोगी पडतो. मुरबाड तालुक्यातल्या वैशाखऱ्याच्या शाळेतल्या संजीवनी हरड बाईंचंच पाहा.

बाई एकेकाळी राज्याच्या संघातून प्रथम श्रेणीचं क्रिकेट खेळलेल्या. हे कळल्यावर मुख्याध्यापक पष्टे सरांनी आधी गुणपत्रिका मागितली. (पदवी द्वितीय श्रेणीत निघाली. सरांच्या मनात किंतु राहिला तो राहिलाच.) तरी खेळाडूला पळायची सवय असते हे ओळखून त्यांनी जनगणना, जंताच्या गोळ्या आणि पाड्यापाड्यावरचं सर्वेक्षण बाईंकडे सोपवलं. खेळाचा तास गणिताच्या सरांकडे राहिला, कारण शिट्टी त्यांच्याकडे होती.

अशात शहापूर विरुद्ध मुरबाड असा शिक्षकांचा सामना ठरला, आणि मुरबाडचा संघ पष्टे सरांच्या हाती आला. मैदानाची जाण असलेलं माणूस मैदानाबाहेर हवं, म्हणून बाईंना रांगोळी आणि पुष्पगुच्छ मिळाले. शहापूरकरांनी मुरबाडच्या गोलंदाजीची पार भुकटी केली, तेव्हा बाई मोराच्या पिसाऱ्यात निळा रंग भरत होत्या.

मुरबाडची फलंदाजी रडतखडत शेवटच्या चेंडूपर्यंत आली. जिंकायला चौकार हवा, आणि शेवटचा गडी बांधावरून घसरून पाय धरून बसलेला.

"बाईंना धाडा ना, सर," खिचडी शिजवणारी बाईजा म्हणाली.

"अगं, हा पुरुषांचा सामना आहे."

"मंग पुरुष कुठं हाय? ह्यो तं उठत पन नाय!"

सरांचा नाइलाज झाला. पण शेवटचं षटक सन्मानार्थ प्रमुख पाहुणे असलेल्या शिक्षणाधिकारी साहेबांना दिलेलं, आणि बाईंचा बदलीचा अर्ज याच साहेबांच्या टेबलावर. बदली हवी होती शहापूरला, तिथे आई एकटीच होती. सर कानाशी लागले, "बाई, आदराने बाद व्हा. बदली झालीच समजा."

बाईंना पटलं. पदर खोचून त्या उभ्या राहिल्या त्या बाद व्हायच्या पक्क्या इराद्याने. साहेबांनी चेंडू सोडला. तो पूजेचा नारळ ठेवावा तसा अलगद समोर आला. इतक्या सज्जन चेंडूला 'जा' म्हणायला बाईंचं मन धजेना. हात मात्र धजले. चेंडू बांध ओलांडून माळशेजच्या रस्त्याला लागला.

साहेबांनी टाळ्या वाजवल्या. (यालाच शिष्टाचार म्हणतात.) महिन्याभरात अर्ज परत आला: 'अशा गुणी शिक्षिकेची मुरबाडला नितांत गरज आहे.' सर हळहळले. बाईंनी तो वाचला, स्वतःशीच खुदकन हसल्या आणि रविवारी जाऊन आईलाच वैशाखऱ्याला घेऊन आल्या. शाळेनेही कदर केली. उत्कृष्ट रांगोळीचं प्रशस्तिपत्र दिलं.

वाचकहो, त्या फटक्यावर तुम्हीही मनात टाळी वाजवली असेल. वाजवायलाच हवी. फक्त, बाई फलंदाज नव्हत्याच कधी. त्या फिरकी टाकत. शहापूरकर झोडपत होते तेव्हा बाईंच्या हाती चेंडू द्यावा, हे पष्टे सरांना सुचलं नाही. पण सर पडले सरकारी माणूस. तुम्ही तर चांगले मोकळे होता, तुम्हाला तरी सुचलं का?