सुभाषरावांचे गाडीत आवाज शिरला त्याची हकीकत

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, मुक्काम कोपरखैरणे, तिसरा मजला. या मोहिमेविषयी सोसायटीच्या लिफ्टेपाशी जो तो आपल्या समजुतीने बोलतो. कोणी म्हणतो गाडीत उंदीर शिरला होता, कोणी म्हणतो नवराबायकोत बिनसले होते, आणि वॉचमनाने तर गाडीस भूतबाधा येथपर्यंत मजल नेली. सबब जे घडले ते घडले तैसे, पदरचे काही न घालता, लिहून ठेविले असे.

सुभाषराव हे बेलापुरी सरकारी कचेरीत बत्तीस वर्षे चाकरी करून, हेडक्लार्कीची वस्त्रे उतरवून, निरोपाचे भिंतीवरील घड्याळ घेऊन स्वस्थानी दाखल जाहले होते. त्यांस शौक दोन. एक, बावीस वर्षांची पांढरी चारचाकी, जी दर सकाळी खासे सुभाषराव स्वहस्ते पुसत आणि जिच्या बॉनेटावर कोणी पिशवी टेकविली तर तीन दिवस बोलत नसत. दुसरा शौक शब्दांचा. गाडीच्या हरएक आवाजास आपल्या भाषेत वेगळा शब्द असता लोक नुसते ‘आवाज येतो’ म्हणतात, हे खाशांस बहुत लागे. म्हणोन निळ्या पुठ्ठ्याचे वहीत थंड इंजिनाची खाकर, पट्ट्याची किरकिर, सायलेन्सराची भकभक, ढिल्या नंबरप्लेटीची फडफड ऐसे एकसष्ट शब्द त्यांनी एकेक करून कैद केले होते. कोणी पाहुणा गाडीत बसला की खासे मान तिरपी करीत आणि म्हणत, ऐका, ही घुमघुम, घरघर नव्हे. पाहुणा मान डोलावी.

दर रविवारी दिवस कलता खासे आणि त्यांचे कुटुंब सरोजिनीबाईसाहेब पामबीच मार्गे बेलापूर किल्ल्यापावेतो स्वारी करीत, तेथे भाजल्या शेंगा खात, आणि परत येत. बाईसाहेब शाळेत भूमिती शिकवून निवृत्त, बोलणे मोजके. घरात टीव्ही, कुकर, दाराशी कोणी ना कोणी. म्हणोन लेकीने कोणती शाखा घ्यावी, सासूबाईंचे शेवटचे आजारात रजा कोणी काढावी, फ्लॅट घ्यावा की न घ्यावा, या सर्व मसलती त्या दोन सीटांवरच जाहल्या. समोर रस्ता असला म्हणजे एकमेकांकडे न पाहता अवघड गोष्ट बोलता येते, हे उभयतांस ठाऊक होते आणि उभयतांनी कधी बोलून दाखविले नव्हते.

ऐसियास मार्गशीर्ष मासी एके रविवारी, स्वारी वाशीचा सिग्नल ओलांडून पुढे जाते, तो बाईसाहेब एकाएकी ताठ बसल्या.

“अहो, हा आवाज कसला?”

“कुठला?”

“हा काय! ऐकू येत नाही?”

खाशांनी मान तिरपी केली. इंजिन होते, टायर होते, वारा होता. चौथे काही नव्हते. आणि मोहिमेचा पाया येथेच चुकला, कारण जे होते ते सांगावे तर एकसष्ट शब्दांची अब्रू जाते, ऐसे मनात येऊन खासे बोलिले की ही पट्ट्याची किरकिर आहे, दोन दिवसांत बंदोबस्त होईल.

मग पट्टा बदलविला. मग चाकांमागील रबरी बुश बदलविले. मग डिकीतील पाना, जॅक, छत्री, पाण्याची बाटली आणि ऐंशी साली घेतलेला नकाशा, ऐसा दरोबस्त सरंजाम खाली उतरविला. दर खेपेस खासे एकटे गाडी घेऊन सेक्टरास वेढा घालून येत, आणि काही ऐकू न आल्यामुळे वर येऊन आवाजाचा निःपात जाहला म्हणोन जाहीर करीत. आणि दर खेपेस रविवारी बाईसाहेब गाडीत बसल्या की वाशी येण्याआधी आवाज हजर. खासे म्हणत, गेला. बाईसाहेब म्हणत, हा बघा. पुढे पुढे तर बेलापुरापर्यंत याखेरीज दुसरे बोलणे होईना.

पौष मासी चौथ्या रविवारी बाईसाहेबांनी सानपाड्यास गाडी थांबवावयास लाविली, दार उघडून उतरल्या आणि खिडकीतून निर्वाणीचे बोलिल्या.

“तुम्ही मला खुळी ठरवताय का?”

“तसं कुठे म्हणालो मी?”

“रोज तेच म्हणताय. आता आवाज गेल्याशिवाय मी यात बसणार नाही. आणि महिन्याभरात गेला नाही तर ही गाडी विकायची. मी बसने येते.”

आणि खरोखरीच बसने आल्या, आणि खाशांच्या आधी पोहोचल्या.

पुढील रविवारी खासे एकटेच बेलापूर किल्ल्यापर्यंत गेले, शेंगा घेतल्या, आणि निम्म्या परत आणिल्या. बाजूची सीट रिकामी असता गाडी फार मोठी वाटते, हे त्यांस त्या दिवशी कळले. त्या संध्याकाळी पार्किंगात काचा चढवून, डावे सीटेस कान लावून, खासे पाऊण तास बसून राहिले. काही ऐकू आले नाही. त्यांस भय वाटले. परंतु भयास त्यांचे वहीत शब्द नव्हता, आणि कोणास विचारावे तर घरात विचारण्याजोगे माणूस एकच होते.

येथे त्यांची कन्या क्षिप्रा हिने वकिली पत्करिली. ही लॅपटॉपावर नवे संगीत रचणारी. रस्त्यावरील ड्रिल, लिफ्टेचे दार, जिन्याखालची पाण्याची मोटार ऐसे आवाज फोनात धरून आणी आणि त्यांचे गाणे करी. खाशांचे मते त्यात धपधप तेवढी असे, वर काही नसे. ‘छप्पर न घातलेलं घर’ ऐसा त्यांचा शेरा होता. तथापि क्षिप्रेने दोन्ही खोल्यांत चार दिवस जा-ये करून तह जमविला. कलमे येणेप्रमाणे: बाईसाहेबांनी एकवार नावड्याचे गॅरेजापर्यंत गाडीत बसावे, वाटेत खाशांशी बोलण्याचे त्यांजवर बंधन नसावे, तेथेही आवाज न सापडल्यास खाशांनी गाडी विकण्यास रुकार द्यावा. खाशांनी चष्मा पुसला, आणि कलमे कबूल केली.

माघ शुद्ध पौर्णिमा, रविवार, सकाळी नऊ वाजता कूच जाहले. कळंबोलीवरून वळून स्वारी नावड्यास उतरली. तेथे धर्मराज मेस्त्री म्हणोन इलमी माणूस. बापाची भातशेती कारखान्यांत गेली, तेव्हा राहिल्या अंगणात याने गॅरेज घातले. अठरा वर्षे हीच गाडी त्याचे हाताखालची. त्याने हात पुसून मुजऱ्यादाखल बॉनेटावर थाप दिली, सारे ऐकून घेतले, आणि एकटाच गाडी घेऊन गावच्या गतिरोधकावरून दोनदा जाऊन आला.

“काका, मना त कई आयकू नाय आला.”

खाशांचे छातीवरील धोंड उतरली. तो बाईसाहेब, ज्या कोपरखैरण्यापासून एक अक्षर बोलिल्या नव्हत्या, त्या बोलिल्या.

“मी बसल्यावर येतो.”

मग धर्मराज चालविण्यास, बाईसाहेब डावे सीटेवर, खासे आणि क्षिप्रा मागे, ऐसे चौघे निघाले. गतिरोधक येताच धर्मराजाने बोट उचलिले.

“हां! आला.”

“आला,” क्षिप्रा म्हणाली, आणि तिने फोन पुढे धरून आवाज टिपून घेतला.

“आला, आला,” खासे म्हणाले. “सूक्ष्म किणकिण.”

गॅरेजापाशी बाईसाहेब उतरल्या आणि धर्मराजाच्या कुटुंबाने दिलेला चहा घेत प्लास्टिकचे खुर्चीवर बसल्या. मेस्त्रीने खातरजमेसाठी गाडी पुन्हा त्याच गतिरोधकावर घातली आणि मागे वळून विचारिले, आता? खाशांनी मान तिरपी केली, डोळे मिटिले, आणि फर्माविले.

“आता तर जास्तच स्पष्ट. किणकिण, आणि शेवटी थोडी कुरकुर.”

धर्मराजाने गाडी बाजूस घेऊन थांबविली. क्षिप्रा बापाकडे पाहत राहिली. अखेर मेस्त्री, काचेबाहेर पाहत, हळूच म्हणाला, “काका, या टायमाला आवाज आलाच नाय. काकी बसल्या नाय ना.”

आणि थोर मनाचा पुरुष, पाना आणावयाचे निमित्त करून गाडीबाहेर पडला, वास्तविक पाना त्याचे खिशात होता.

“बाबा,” क्षिप्रा म्हणाली, “तुला मगाशीही नव्हता ना ऐकू आला?”

तिने लॅपटॉप मांडीवर उघडिला, टिपलेला आवाज त्यात घातला, आणि हेडफोन बापाचे कानांवर चढविले.

“हा खूप वरच्या पट्टीतला आहे. मी दोन सप्तकं खाली आणते. ऐक.”

खाशांनी ऐकिले. एकदा, मग पुन्हा, मग तिसऱ्यांदा स्वतः कळ दाबून. म्हशीचे पारडू लांब कोठे रेकावे, तैसा आवाज होता. दोन महिने बायको ज्याच्यापायी कासावीस होती, तो हा. आणि मग एकामागून एक गोष्टी ध्यानी येऊ लागल्या: दाराची बेल नेहमी तीच प्रथम का ऐके, फोनवर नातेवाईक अलीकडे पुटपुटत का, टॉवर झाल्यापासून खाडीकडील पाखरे गेली म्हणोन आपण पेपरात पत्र लिहिले, ती पाखरे वास्तविक कोठे होती.

खासे गाडीतून उतरले. अंगण पंधरा पावलांचे, परंतु बत्तीस वर्षांचे नोकरीत इतकी लांब मजल त्यांनी मारिली नव्हती. खुर्चीपुढे उभे राहून बोलिले.

“सरोजिनी, तो आवाज मला ऐकूच येत नव्हता. एकदाही नाही.”

बाईसाहेबांनी कप खाली ठेविला. “मग ती किरकिर, किणकिण?”

“अंदाजाने.”

“दोन महिने?”

“हो.”

“दोन महिने मला वाटत होतं, माझ्याच डोक्यात काहीतरी वाजतंय,” त्या म्हणाल्या. “मी डॉक्टरांची वेळसुद्धा घेतली होती. मंगळवारची. तुम्हाला सांगितलं नाही.”

खाशांनी एवढी वही लिहिली, तरी तोंडातून एकच शब्द निघाला, “चुकलो.”

बाईसाहेबांनी पर्स उघडून डॉक्टरांचे कार्ड काढिले, उलटसुलट पाहिले, आणि हुकूम सोडिला की मंगळवारची वेळ रद्द न करता तीच बदलून कानाच्या डॉक्टरांची घ्यावी, आणि खाशांनी जावे, आणि त्या सोबत येतील. खाशांनी मान लवविली.

इकडे धर्मराजाने डावी सीट उचकटून अंगणात उलटी पाडिली होती. बुडातील एक तार निसटून लोखंडी पट्टीवर घासत होती. माणूस बसले म्हणजे दबे, आणि ओरडे. मेस्त्रीने सायकलच्या ट्यूबचा बोटभर तुकडा कापून तिजवर चढविला, वंगण लाविले, सीट ठोकून बसविली. कामास लागली मिनिटे सात.

“काकी, आता बसून बगा.”

बाईसाहेब बसल्या. गाडी गतिरोधकावरून गेली, आली. त्यांनी खिडकीतून एवढेच सांगितले, “गेला.” या खेपेस हा शब्द ज्याच्या तोंडी शोभावा त्याच्याच तोंडून निघाला, म्हणोन सर्वांनी तो मानिला.

त्या रात्रीचे जेवणापूर्वी खाशांनी वही उघडिली आणि बासष्टावे ओळीवर अडले, कारण ऐकिले ते पारडू खाली उतरविलेले, खरा आवाज नव्हे. बाईसाहेबांनी स्वयंपाकघरातून सांगितले, “लिहा, कुईं.” खाशांनी लिहिले, आणि समोर ऐकणाराचे नाव म्हणोन सरोजिनी ऐसे घातले.

पुढे मंगळवारी वैद्यांनी तपासणी केली, दोन आठवड्यांनी वाटाण्याएवढी दोन यंत्रे खाशांच्या कानांत चढली, आणि फाल्गुन शुद्ध पंचमी, रविवारी, दिवस कलता स्वारी पूर्ववत पामबीच मार्गे निघाली. मागे क्षिप्रा होती. तिने आपले नवे गाणे लाविले. धपधप सुरू जाहली. खासे सवयीने गप्प होते, तो धपधपीच्या वर काही बारीक, चमकते, पावसाळी तारेवरून थेंब धावावेत तैसे धावू लागले.

“हे आधीपासून होतं यात?”

“आधीपासूनच, बाबा.”

खाशांनी ते गाणे पुन्हा लावण्यास फर्माविले. दुसऱ्यांदा संपले, तो नेरूळ आले, आणि शांततेत खाशांस निराळेच ऐकू येऊ लागले. टिक, टिक, टिक. खाशांनी चाक घट्ट धरिले.

“सरोजिनी, नवा आवाज! डावीकडून. तुला येतोय?”

“येतोय. तो इंडिकेटर आहे.”

“कधीपासून?”

“आज वाशीपासून. एरवी तीन-चार वर्षांपासून.”

मीटरातील हिरव्या बाणाचा दिवा कैक वर्षे विझलेला. आवाज असता दिव्याचे काय काम, ऐसे म्हणोन खाशांनी तो बदलिला नव्हता. त्यांचे स्वारीमागे दर रविवारी गाड्या भोंगे वाजवीत, ते जुन्या, निगुतीने राखलेल्या गाडीस लोकांचे मुजरे होत, ऐसे समजून खासे खिडकीतून हात हालवून त्यांचा स्वीकार करीत आले होते.

“मग सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही हात करायचात,” बाईसाहेब रस्त्याकडे पाहत म्हणाल्या. “छान वाटायचं बघायला.”

इतक्यात मागून एका टेम्पोने जोराचा भोंगा दिला. खाशांनी इंडिकेटर बंद केला, काच खाली घेतली, आणि हात हालविला. येणेप्रमाणे आवाज पराभूत जाहला, गाडी राहिली, आणि स्वारी सूर्यास्तापूर्वी बेलापूर किल्ल्यास सुखरूप दाखल होऊन तीन पुड्या शेंगा घेती जाहली. मोहीम फत्ते. मजकूर पुरा.