बियाण्याच्या फाटकावरील फ्लास्कची मोहीम

श्री. जालना एमआयडीसी प्रांती, बियाण्याच्या कारखान्यात सात ट्रक सोयाबीन फाटकाआड कैसे कोंडले गेले आणि कोणत्या युक्तीने सुटले, याची हकीकत कोणी पुसली नसता आम्हीच लिहावयास घेतली आहे. जे घडले ते लिहिले. जेथे मीठमसाला पडला तेथे तो चवीपुरता समजावा.

कारखान्याचे धनी श्रीमंत काकासाहेब. त्यांचे पदरी शीतल जाफराबादकर, कॉम्प्युटर खात्याची एकटीच सरदार आणि एकटीच शिपाई. पेशजी रिवाज ऐसा की, फाटकावरील आबाराव यांनी पोत्यांत यंत्र खुपसून ओल तपासावी, लाल वहीत लिहावी, मग ती वही बगलेत मारून ऑफिसात चालत जावे आणि ट्रकाचा गेटपास आणावा; यात अर्धा दिवस खर्ची पडे. शीतलने अर्ज गुजारला की, मध्ये एक एपीआय बसवू. एपीआय म्हणजे काय, तर जासूद: फाटकावरच्या मोबाइलाने खबर द्यावी, त्याने ती ऑफिसातील कॉम्प्युटरास पोचवावी आणि जबाब घेऊन माघारी यावे. त्यास पायथन भाषेतला फ्लास्क नामे हलका सरंजाम पुरे. पाच-सात ओळींत छावणी उभी राहते. काकासाहेबांनी संतोष पावून फ्लास्क मंजूर केला, आणि दुसरे दिवशी तिच्या टेबलावर चहाचा नवा कोरा स्टीलचा फ्लास्क दाखल जाहला. तिने तोही ठेवून घेतला.

मग सोमवारचा मुहूर्त ठरला आणि हुकूम सुटला की, दुपारी बारापर्यंत ट्रक बाहेर पडले तर जासूद कायम. न पडले तर लाल वही पुन्हा तख्तावर आणि शीतल पुन्हा पोत्यांची लेबले छापावयास. तीन महिन्यांचे रविवार खपवून तिने हे काम उभे केले होते, आणि लेबलांच्या मशीनकडे परत जाणे तिला मुळीच कबूल नव्हते.

सकाळी आठास आबारावांनी पहिला ट्रक तपासला, माल खडखडीत कोरडा निघाला, तैसे मोबाइलात लिहून पाठविले. जबाब आला: माल ओला, ट्रक रोखावा. दुसऱ्यास तोच जबाब, आणि तिसऱ्यासही. दहापर्यंत सातही ट्रक रांगेत खोळंबले, ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढीनात, आणि पेरणी तोंडावर आलेली म्हणून घनसावंगीचे दुकानदार फोनावर फोन करू लागले. शीतलने कोड वरून खाली वाचला, मग खालून वर वाचला, सर्व्हर दोनदा बंद करून चालू केला. एरर म्हणून सापडेना. सर्व्हर दर खेपेस दोनशे हा आकडा देई, म्हणजे त्या मुलखी सर्व क्षेम, आणि इकडे तिला घाम फुटलेला. शेवटी ती कॉम्प्युटर सोडून भर उन्हात फाटकावर आली आणि आबारावांस विनंती केली की, माझ्यासमोर लिहून दाखवा.

आबारावांनी चष्मा चढविला. पडद्यावर सवाल होता: ओल आहे का? खाली मोकळा रकाना. त्यांनी एका बोटाने, जपून जपून लिहिले: न्हाई.

शीतलने कोडात कायदा घातला होता की, जबाब ‘नाही’ असेल तरच गेटपास द्यावा, बाकी काहीही असेल तर माल ओला समजावा. परीक्षेच्या पेपरात लिहावे तैसे शुद्ध ‘नाही’. आणि त्याच सकाळी, नाश्ता केला का म्हणून आईने फोनवर विचारले असता, आपण स्वतः ‘अजून न्हाई’ म्हणालो, हे तिला आठवले. हसू आले आणि लाजही वाटली.

इतक्यात काकासाहेबांची स्वारी फाटकावर आली. साडेअकरा झाले होते. हकीकत ऐकून त्यांनी फर्मावले की, आबारावांनी येथून पुढे शुद्ध लिहावे, न जमल्यास दुसरा माणूस बसवू.

आबाराव खाली पाहत म्हणाले, “तीस वर्सं वहीत असंच लिव्हलं, साहेब. कोनी अडवलं न्हाई.”

ते ऐकून शीतलला राग आला, आणि तो स्वतःवरच. ती म्हणाली, “मामांचं बराबर हाये, साहेब. चुकलं माझं. दहा मिनिटं द्या.”

मग तिने आबारावांच्याच स्टुलावर बैठक मारून लॅपटॉप मांडीवर घेतला, ‘नाही’च्या पंगतीस ‘न्हाई’ बसविले, ‘न्हाय’ आणि ‘नाय’ही बसविले, आणि अनोळखी शब्द आल्यास माल ओला न ठरविता पुन्हा पुसावे, ऐसा नवा कायदा केला. पावणेबारास आबारावांनी पहिल्या ट्रकाचा जबाब एकही अक्षर न बदलता लिहिला, आणि गेटपास आला. मग दुसरा सुटला, तिसरा सुटला, आणि बारास तीन मिनिटे कमी असता सातवाही फाटकाबाहेर पडला. आबारावांनी स्टूल पुन्हा सावलीत ओढले.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते होऊन जासूद कायम जाहला, आबाराव आपल्या जागी राहिले आणि लेबलांच्या मशीनवर दुसऱ्या कोणाची नेमणूक जाहली. या लढाईत कोणाची हार जाहली काय, ऐसे पुढे कोणी पुसेल, तर या दफ्तरी जबाब एकच लिहून ठेविला असे: न्हाई.