गभणे सरांचा पारा

आमच्या मोहाडीच्या कॉलेजातले गभणे सर थर्मामीटरला घाबरतात. पारा अर्धा अंश चढला तरी त्यांचा आवाज चिरकतो, "बर्फ आणा, बर्फ! वेग वाढून राहिला!" तसे ते पालीला, प्राचार्यांना आणि सरकारी पाकिटालाही घाबरतात. पण पाऱ्याचं भय वेगळंच.

यंदा प्रात्यक्षिक परीक्षेत वैशालीला अभिक्रियेचा वेग-स्थिरांक काढायचा होता. मिथाइल अ‍ॅसिटेट आणि आम्लाचं मिश्रण करायचं, दर दहा मिनिटांनी थोडं काढून अभिक्रिया किती झाली ते मोजायचं, आलेखावर ठिपके मांडायचे. ठिपके सरळ रेषेत आले, की तिच्या उतारावरून स्थिरांक मिळतो. मात्र भांड्याभोवतीचं पाणी पंचवीस अंशांवरच हवं. त्यात बर्फ टाकत राहण्याचं काम सरांचं.

बाहेरगावचे परीक्षक दारात दिसले आणि सर गायब! बाटल्यांच्या खोलीत जाऊन लपले. मी दुसऱ्या टेबलांवर मुलांचे प्रयोग तपासण्यात अडकलेली. परत येऊन बघते तर पारा एकतीसवर आणि शेवटचे ठिपके रेषा सोडून भलतीकडे.

"मॅडम, नापास होईन का मी?" वैशालीचे ओठ पांढरे पडले होते.

मी तासिकेवरची बाई; परीक्षकांच्या एका शेऱ्याने माझी नोकरी जाईल. मी कुजबुजले, "खोड ते. पुस्तकातला आकडा लिही."

"पोरीले खोटं लिवाले काहून सांगता, मॅडम?" मागे सर उभे. घामाने निथळत ते थेट परीक्षकांपुढे गेले. "सर, पाणी गरम झालं. बर्फ टाकायचं काम माझं होतं. तुमाले भिऊन मी आत लपलो. तिचे आकडे खरे आहेत."

परीक्षकांनी आलेख उचलून पाहिला. मग वैशालीकडे वळले. "रेघ कधी वाकली?"

"तीस मिनिटांनंतर, सर. पाणी तापलं, वेग वाढला."

"मग आधीच्या ठिपक्यांवरून स्थिरांक काढ. आणि हे कारण खाली लिही."

संध्याकाळी बसस्टँडवर मी सरांना विचारलं, एवढा धीर आला कुठून?

"धीर कायचा, मॅडम? पहिले मी कारखान्यात होतो. साहेबाच्या भेवानं असाच वाकडा आकडा सरळ करून लिवला. त्याच आकड्यावर मोठं भांडं चढवलं. तापत गेलं, फुटलं. समोर दिगांबर होता, माझा दोस्त. दोन्ही डोळे गेले त्याचे."

"त्यांना माहीत आहे?"

"पहिल्याच दिवशी सांगितलं मी."

तुमसरची बस लागली. तिथून पुढे आंबागड, दिगांबरचं गाव. सर दर शनिवारी जातात. पिशवीत साबण, ब्रश आणि वस्तरा होता.

"दाढी करून देतो त्याची," चढता चढता सर म्हणाले. "दुसऱ्या कोणाचा हात गळ्याजवळ आला, की भेव लागते त्याले."