बाबलकाकांचा तळहात

बाबलकाका कुणाच्याही घरी गेले की आधी फ्रिजच्या मागे हात घालतात, मग माणसांची चौकशी करतात. फ्रिज भिंतीला चिकटलेला असला तर स्वतःच ओढून पुढे घेतात. एकदा सांत्वनाला गेले होते. तिथे बर्फाच्या शवपेटीच्या कडेवरून तळहात फिरवला आणि मयताच्या मुलाला म्हणाले, “हेचा रबर गेला हा.” मुलगा रडायचा थांबला. रबर खरंच गेलं होतं.

काका वालावलचे. उमेदीची सगळी वर्षं ठाण्याच्या एका कारखान्यात बॉयलरवर काढली आणि निवृत्त झाल्यावर गावी येऊन एकटेच राहू लागले. आमची लहान कारखानदारांची संघटना दरवर्षी इंधन आणि वीज वाचवणाऱ्या कारखान्याला ढाल देते. मी संघटनेची सेक्रेटरी. दोन परीक्षक मोजायची यंत्रं घेऊन येतात, तिसरे बाबलकाका तळहात घेऊन येतात. त्यांना गाडीतून फिरवायचं काम माझ्याकडे, कारण दुसरं कुणी तयार होत नाही. चढावर गिअर उशिरा बदलला की काका बोनेटकडे बघून उसासा टाकतात.

त्यांचा प्रश्न एकच, “गरमी खंय जाता?” पाइपावर, भट्टीवर, भिंतीवर हात ठेवायचा आणि उष्णता कुठे वाया जाते ते विचारायचं. बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात इब्राहिमशेठनी आमच्या स्वागताला बर्फाचा मोर करून ठेवला होता. कमरेएवढा, पिसारा फुललेला. काका बराच वेळ त्याच्यासमोर उभे राहिले.

“शेठ, हो मोर खंय जाता?”

“जाणार खंय काकानू? इतळतलो.”

“मगे तुझे गुणय तेच वाटेन.”

वितळणाऱ्या मोरापायी शेठचे गुण गेले, तरी हा किस्सा ते अजून स्वतःच सांगतात.

यंदा कट्टा गावातल्या एका काजू कारखान्यात गेलो. तिथे काजूच्या बिया वाफेवर उकडतात आणि भट्टीत काजूचीच टरफलं जाळतात. वाफेच्या पाइपावर मातीचा लेप होता आणि त्यावर काथ्याच्या दोरीची घट्ट वीण. काकांनी हात ठेवला आणि उचललाच नाही. पाइप जेमतेम कोमट होता. पूर्वी टरफलं पुरत नसत, आता शेडबाहेर त्यांचा ढीग पडला होता.

“ह्या कोणी बांधल्यान?”

“आमच्या चिरंजीवांची कल्पना,” मालक म्हणाले. “पुण्याला इंजिनीअर आहेत. फॉर्मात त्यांचंच नाव दिलंय.”

काकांनी चष्मा वर करून वीण बघितली. “ही जाळ्याची गाठ आसा. पुण्यात जाळी विणतत काय रे?”

मालक छताकडे बघू लागले. बिया फोडणाऱ्या बायांतली एक मान वर न करता म्हणाली, “मीच बांधलंय. येता-जाताना दंड भाजी, म्हणान.” ही शेवंती. माहेर मासेमारांचं. दंडावर भाजल्याचे जुने डाग होते.

तिन्ही परीक्षकांनी पहिला नंबर याच कारखान्याला दिला. फक्त काका निकालपत्रकावर सही करेनात. “शेवंतीचा नाव घाल, मगे सय.” मी सांगितलं, एका फॉर्मावर एकच नाव, आणि ते मालक देतील ते. हा नियम मीच केला होता आणि चांगल्या कारणासाठी केला होता. नाहीतर ढालीवर अख्खं गाव येतं.

समारंभ दोन दिवसांवर आला. मी पत्रक घेऊन वालावलला त्यांच्या घरी गेले. काका चहा टाकायला आत गेले. समोरच्या भिंतीवर एकच तसबीर होती. कोट घातलेले पाच साहेब, मध्ये मोठी ढाल. ढालीच्या खाली, फोटोच्या कडेने, खाकी बाहीतला एक हात आलेला. बाकी माणूस नाही.

“कोणाचा हात हो?”

“माझो,” काका आतून म्हणाले. “ढाल जड होती. माका म्हणाले, खालसून धर.”

“आणि ती कशाबद्दल मिळाली होती?”

“बॉयलरचा वाया जाणारा गरम पाणी परत फिरवलेला.”

“कोणी?”

काका चहा घेऊन बाहेर आले. कपाच्या बुडाला तळहात लावून बघितला आणि म्हणाले, “पी गो बाय, निवता.”

मी चहा प्याले. मग पर्समधून पट्टी काढली, पत्रकाच्या तळाशी एक रकाना आखला, वर ‘प्रत्यक्ष काम’ असं लिहिलं आणि खाली शेवंतीचं पूर्ण नाव. काकांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि सही केली.

समारंभाला काका मंचावर बसले नाहीत. मालक आणि शेवंतीने ढाल घेतली तेव्हा ते फोटोग्राफरच्या खांद्याशी उभे होते. शेवंती संकोचून अगदी कडेला सरकली होती.

“कडेचा माणूस अख्खा इला काय रे?”

“इला, काकानू.”

“दाखय.”

फोटोग्राफरने कॅमेरा पुढे केला. काका बराच वेळ बघत राहिले. मग मागे गेले आणि रिकाम्या खुर्च्यांवर फिरणारा पंखा बंद केला.